वर्डमध्ये केलेले बदल टिकत नाहीत : एका टायपिंग कार्यालयातील प्रकरण

पार्श्वभूमी आणि तक्रार

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, न्यायालयाच्या आवाराला लागून असलेल्या एका टायपिंग कार्यालयातील आहे. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रे, वारसनोंदीचे अर्ज, भाडेकरार असे काम तेथे दिवसभर चालते. मालक आणि दोन महिला ऑपरेटर मिळून तीन संगणकांवर हे काम उरकतात. मजकूर बहुतांश मराठी असतो आणि तो युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप होतो. कायद्यांची नावे, पॅन क्रमांक आणि बँकांना द्यायची काही कागदपत्रे तेवढी इंग्रजीत असतात.

तक्रार मुख्य संगणकापुरती होती. त्यावरील वर्ड रोज सकाळी कोरे होऊन उघडते, असे मालकांचे म्हणणे होते. आदल्या दिवशी ठरवून दिलेला मराठी फॉन्ट जाऊन वर्डचा मूळचा फॉन्ट परत येई. कागद शिवण्यासाठी डाव्या बाजूला सोडलेला दीड इंचाचा समास पुन्हा एक इंचावर जाई. नेहमीच्या कामांना नेमून दिलेल्या कळांच्या जोड्या चालत नसत. आणि प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या शेवटी लागणारा सत्यापनाचा परिच्छेद, जो ऑटोटेक्स्ट म्हणून साठवून ठेवलेला होता, तो यादीत सापडत नसे. सकाळी साडेदहा-अकराला वकिलांचे कारकून दाखल करायचे कागद हातात घेऊन उभे असतात. अशा वेळी सत्यापनाचा मजकूर जुन्या फाइलमधून शोधून चिकटवणे आणि समास पुन्हा लावणे यात वेळ तर जातोच, शिवाय चुकाही होतात. एका दाव्याचा संपूर्ण संच अरुंद समासासह छापला गेला, डावीकडची अक्षरे शिवणीत दबली आणि तो पुन्हा छापावा लागला, तेव्हा मालकांनी हा विषय निकाली काढायचे ठरवले.

तक्रारीत एक विसंगती होती. हे रोज घडत नसे. काही दिवशी फॉन्ट, समास, ऑटोटेक्स्ट सारे जागच्या जागी असे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाहीसे होई. या लहरीपणामुळे व्हायरसचा संशय घेतला गेला, अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी झाली आणि तीत काहीही सापडले नाही. त्यानंतर ऑफिस काढून पुन्हा टाकण्यात आले, तरी परिस्थिती तशीच राहिली. आता पुढचा सल्ला संगणक फॉरमॅट मारण्याचा होता. तो अमलात येण्यापूर्वी मला बोलावण्यात आले.

वर्ड कोणती गोष्ट कोठे लिहून ठेवते

‘सेटिंग टिकत नाही’ या एका वाक्यात बहुतेक वेळा तीन-चार निरनिराळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात, कारण वर्ड आपल्या सगळ्या सेटिंग एकाच ठिकाणी ठेवत नाही. म्हणून काहीही दुरुस्त करण्यापूर्वी, न टिकणारी प्रत्येक गोष्ट मुळात कोठे लिहिली जाते हे कागदावर मांडणे मला आवश्यक वाटते. या प्रकरणाचा निकालही अखेरीस त्या मांडणीतूनच लागला.

पहिली जागा म्हणजे खुद्द दस्तऐवज. त्यातील समास, कागदाचा आकार, शैली आणि फॉन्ट त्या फाइलबरोबरच राहतात आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडली तरी बहुतांशी तसेच दिसतात. दुसरी जागा म्हणजे नॉर्मल नावाचे टेम्प्लेट, म्हणजे नवी फाइल ज्यावरून बनते तो साचा. वर्ड २००७ पासून त्याचे पूर्ण नाव नॉर्मल.डॉटएम असे आहे आणि ते वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधील रोमिंग, त्यातील मायक्रोसॉफ्ट, त्यातील टेम्प्लेट्स या फोल्डरात असते. नवी कोरी फाइल कोणत्या फॉन्टने आणि किती समासाने उघडावी, आपण नेमलेल्या कळांच्या जोड्या कोणत्या, आपले मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) आणि ऑटोटेक्स्ट कोणते, हे सारे सर्वसाधारणपणे याच फाइलमध्ये साठवले जाते. तिसरी जागा म्हणजे विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपल्या सेटिंग जेथे नोंदवतात तो साठा. ऑप्शन्सच्या चौकटीत आपण ज्या अनेक खुणा करतो किंवा काढतो, त्या रजिस्ट्रीत वापरकर्त्याच्या विभागात, ऑफिसच्या १६.० या क्रमांकाखाली वर्डच्या डेटा आणि ऑप्शन्स या नोंदींमध्ये जातात. ऑफिस २०१६, २०१९, २०२१ आणि वर्गणीचे मायक्रोसॉफ्ट ३६५ हे सारे आतून १६.० हाच क्रमांक वापरतात, त्यामुळे आवृत्ती बदलली तरी शोधण्याची जागा बदलत नाही.

याशिवाय काही सुट्या फाइली असतात. ऑटोकरेक्टच्या साध्या नोंदी भाषेनुसार वेगवेगळ्या फाइलींमध्ये जातात आणि फाइलीच्या नावात त्या भाषेचा क्रमांक असतो. मराठीचा क्रमांक ११०२ आहे, अमेरिकन इंग्रजीचा १०३३. त्यामुळे मजकुराची भाषा इंग्रजी अशी नोंदलेली असताना केलेली ऑटोकरेक्टची नोंद, मजकूर मराठी म्हणून नोंदला गेला की चालत नाही आणि वापरणाऱ्याला वाटते की ती पुसली गेली. मराठीत काम करणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो, म्हणून त्याचा येथे उल्लेख केला. प्रस्तुत प्रकरणात मात्र ऑटोकरेक्टविषयी कोणाची तक्रार नव्हती.

आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. नॉर्मल टेम्प्लेटमधील बदल आपण करतो त्या क्षणी डिस्कवर जात नाहीत. ते स्मृतीत राहतात आणि वर्ड रीतसर बंद होताना लिहिले जातात. वर्ड उघडे असताना वीज गेली किंवा कोणी मेन स्विच पाडला, तर फाइल जतन केलेली असली तरी नॉर्मलमधील त्या दिवसाचे बदल गमावले जातात.

ही मांडणी झाल्यावर तक्रारीचे रूप पालटले. फॉन्ट, समास, कळांच्या जोड्या आणि ऑटोटेक्स्ट या चारही गोष्टी नॉर्मल टेम्प्लेटमधल्या होत्या. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की, त्या फाइलमध्ये लिहिले जात नाही की लिहिलेले वाचले जात नाही.

तपासणी

प्रथम टेम्प्लेट्स फोल्डर उघडून नॉर्मलची ‘शेवटचा बदल’ ही तारीख पाहिली. ऑपरेटर ताई आदल्या संध्याकाळी फॉन्ट ठरवून, वर्ड नीट बंद करून गेल्या होत्या. तरीही तारीख त्यापूर्वीची होती. फाइलीवर ‘फक्त वाचनासाठी’ अशी खूण आहे का ते पाहिले, नव्हती. फोल्डरवर लिहिण्याची परवानगी नसेल म्हणून त्यात एक रिकामी मजकूर फाइल तयार करून पाहिली. ती सहज झाली. वर्ड बंद केल्यावरही त्याची एखादी प्रत मागे चालू राहून नॉर्मलला अडकवून ठेवते, हेही अशा तक्रारीचे नेहमीचे कारण असते. म्हणून टास्क मॅनेजर पाहिला, पण तेथेही वर्डचे नाव उरलेले नव्हते. ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डच्या सेव्ह या भागात ‘नॉर्मल टेम्प्लेट साठवण्यापूर्वी विचारा’ अशा अर्थाची एक खूण असते. ती करून, फॉन्ट बदलून वर्ड बंद केले. नॉर्मलमध्ये काही लिहायचे असेल तर वर्डने बंद होताना विचारायला हवे होते. त्याने काही विचारले नाही, कोणती त्रुटीही दाखवली नाही, आणि पुन्हा उघडल्यावर ती खूणसुद्धा नाहीशी झालेली होती.

ही शेवटची गोष्ट मोलाची ठरली. ती खूण ऑप्शन्समधली आहे, तरीही ती टिकली नाही. याचा अर्थ बिघाड एका फाइलीपुरता नव्हता. वर्ड त्या खेपेस कोणतीच सेटिंग लिहायला तयार नव्हते. नॉर्मल खराब झाले असे गृहीत धरून ते पुसून टाकण्याचा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. तो येथे निरुपयोगी तर ठरलाच असता, शिवाय कित्येक वर्षांत जमवलेले ऑटोटेक्स्ट आणि मॅक्रो त्यात गेले असते. नॉर्मलला हात लावण्यापूर्वी त्याची प्रत दुसऱ्या फोल्डरात ठेवावी, असा माझा नेहमीचा आग्रह असतो आणि येथेही ती प्रत सर्वांत आधी काढून ठेवली होती.

मग मी डेस्कटॉपवरील एका जुन्या दाव्याच्या फाइलवर डबल क्लिक करणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या ताई म्हणाल्या, “सर, तिथून नका उघडू. फाइलवरून उघडलं की तो मेसेज येतो. आम्ही आधी आयकॉनवरून वर्ड उघडतो आणि मग आतून फाइल घेतो.”

मी तरीही फाइलवरूनच उघडले. पडद्यावर एक चौकट आली. लपवलेल्या मोड्यूलमध्ये कंपाइल एरर असून हा कोड या आवृत्तीशी किंवा संगणकाच्या रचनेशी जुळत नसावा, असा तिचा आशय होता. ‘ओके’ दाबल्यावर वर्ड उघडले, आणि ऑटोटेक्स्टच्या यादीत सत्यापनाचा परिच्छेद जसाच्या तसा होता. नवी कोरी फाइल घेतली तर समास दीड इंचाचा. पुन्हा फॉन्ट बदलला, वर्ड बंद केले आणि टेम्प्लेट्स फोल्डर पाहिला. या वेळी नॉर्मलची तारीख आणि वेळ त्या मिनिटाची होती.

कार्यालयात या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडला नव्हता. मेसेज येणे ही एक तक्रार आणि सेटिंग न टिकणे ही दुसरी, असे सारे जण धरून चालले होते. वस्तुतः जेथे मेसेज येत होता तेथे सेटिंग टिकत होत्या आणि जेथे मेसेज येत नव्हता तेथे त्या टिकत नव्हत्या. ज्या दिवशी घाईगडबडीत कोणी थेट फाइलवरून वर्ड उघडून मेसेजवर ‘ओके’ दाबून पुढे जाई, त्या दिवशी सारे ठीक असे. ताईंनी सहज सांगितलेली ती सवय तपासणीच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडली. यंत्रासमोर रोज बसणाऱ्या माणसाला ‘तुम्ही नेमके कसे उघडता’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

आता फरक कोठे आहे हे पाहणे सोपे होते. टास्क मॅनेजरच्या डीटेल्स या भागात स्तंभांच्या शीर्षकावर उजवे क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा स्तंभ निवडता येतो. प्रत्येक प्रोग्राम कोणत्या आदेशाने सुरू झाला हे तो अक्षरशः दाखवतो. आयकॉनवरून उघडलेल्या वर्डसमोर प्रोग्रामचा पूर्ण पत्ता होता आणि त्याच्या शेवटी, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि तिला लागून इंग्रजी ‘ए’ हे अक्षर होते. फाइलवरून उघडलेल्या वर्डच्या आदेशात ते अक्षर नव्हते.

ते एक अक्षर काय करते

‘/ए’ हा वर्ड सुरू करताना द्यायचा एक स्विच आहे आणि तो मायक्रोसॉफ्टने अधिकृतपणे दिलेला आहे. त्याने वर्ड सुरू केले की कोणतेही अ‍ॅड-इन, म्हणजे वर्डला जोडलेला पूरक प्रोग्राम, आपोआप चढत नाही आणि नॉर्मलसह कोणतेही सार्वत्रिक टेम्प्लेट उघडले जात नाही. त्याशिवाय सेटिंगच्या फाइलींना कुलूप लागते, म्हणजे त्या वाचल्याही जात नाहीत आणि त्यांत बदलही होत नाही. बिघाड खुद्द वर्डमध्ये आहे की त्यावर चढवलेल्या एखाद्या गोष्टीत आहे, हे तपासण्यासाठी तो उत्तम साधन आहे. मात्र तपासणीपुरताच. रोजच्या कामाच्या आयकॉनमध्ये तो कायमचा घातला, तर वर्ड दररोज नव्याने बसवल्यासारखे उघडते आणि दिवसभरात शिकवलेले सारे बंद होताना टाकून देते. सेफ मोडमध्ये शीर्षकपट्टीवर तसे शब्द तरी दिसतात. ‘/ए’ने उघडलेल्या वर्डवर अशी कोणतीही ठळक खूण नसते. त्यामुळे वापरणाऱ्याला संशय येण्याचे कारणच उरत नाही.

डेस्कटॉपवरील आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ या रकान्यात हा पत्ता असतो. पत्ता लांब असल्याने रकान्यात त्याचा सुरुवातीचा भागच दिसतो आणि शेपटाकडचे अक्षर दृष्टीआड राहते. रकान्यात क्लिक करून एंड ही कळ दाबली की ते समोर येते. ऑफिस पुन्हा टाकूनही उपयोग का झाला नाही, याचा उलगडा येथेच झाला. तो आयकॉन ऑफिसने बनवलेला नव्हता. कोणीतरी हाताने बनवून डेस्कटॉपवर ठेवला होता. ऑफिस काढले तरी तो राहिला आणि ऑफिस पुन्हा त्याच पत्त्यावर आल्यावर पूर्ववत चालू लागला.

मी ते अक्षर काढून टाकले, आयकॉनवरून वर्ड उघडून तपासले आणि सेटिंग टिकल्याचे दाखवले. परंतु काम एवढ्यावर संपले नाही, कारण दुसऱ्या ऑपरेटर ताई वर्ड टास्कबारवरून उघडत. टास्कबारवर पिन केलेला आयकॉन ही डेस्कटॉपवरील आयकॉनची स्वतंत्र प्रत असते. ती जुन्या आयकॉनवरूनच पिन केली गेली होती आणि ‘/ए’ तिच्यातही शाबूत होता. ती काढून, दुरुस्त आयकॉनवरून पुन्हा पिन केली. एखाद्या कार्यालयात तक्रार अर्धवट सुटल्यासारखी वाटली, तर स्टार्ट मेन्यू, डेस्कटॉप आणि टास्कबार या तिन्ही वाटा स्वतंत्रपणे पाहाव्यात.

मुळाशी असलेले कारण

अक्षर काढल्याने सेटिंग टिकू लागल्या, पण त्याबरोबर तो मेसेज आता प्रत्येक वेळी येऊ लागला. म्हणजे कोणीतरी तो मेसेज घालवण्यासाठीच हा स्विच घातला होता. मालकांना विचारल्यावर कळले की नवा संगणक घेतल्यापासून ती चौकट येत होती आणि ‘मागे एकाने येऊन ती बंद करून दिली’ होती. मेसेज थांबला म्हणून काम झाले असे त्यांनी मानले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्या मेसेजमागचे कारण तसेच ठेवून, सेटिंग न साठण्याची किंमत कोणाला न सांगता केलेली ही सोय दुरुस्ती म्हणवत नाही. स्विच घालणे हा गुन्हा नव्हे. तो घातल्याचे एका ओळीने कोठेतरी लिहून ठेवले असते तर पुढचे सारे हेलपाटे वाचले असते.

मेसेजचे कारण वर्डच्या स्टार्टअप फोल्डरात मिळाले. अ‍ॅपडेटामधील रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, वर्ड, स्टार्टअप या मार्गाने जे टेम्प्लेट ठेवले जाते, ते वर्ड सुरू होताच आपोआप चढते. ती जागा विश्वासार्ह मानलेली असल्याने मॅक्रोविषयीची इशारापट्टीही येत नाही. तेथे तीन टेम्प्लेट होती. ती एकेक करून दुसऱ्या फोल्डरात हलवली आणि दर वेळी वर्ड उघडून पाहिले. तिसरे हलवल्यावर मेसेज थांबला. ते जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे, हातोहात फिरत आलेले एक मॅक्रो टेम्प्लेट होते.

महाराष्ट्रातील टायपिंग आणि डीटीपीच्या कार्यालयांत अशी टेम्प्लेटे अजूनही जागोजाग आहेत आणि त्यांची गरजही खरी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीची वीस-पंचवीस वर्षांची कागदपत्रे निरनिराळ्या जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. त्या फॉन्टमध्ये देवनागरीची चिन्हे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट बदलला की मजकूर अगम्य इंग्रजी अक्षरांचा दिसतो. जुन्या दाव्यातील वर्णन नव्या अर्जात घ्यायचे असेल, तर रूपांतर केल्यावाचून गत्यंतर नसते.

हे टेम्प्लेट ३२ बिटच्या काळातले होते, म्हणजे ऑफिसच्या जुन्या बांधणीसाठी लिहिलेले; नवी बांधणी ६४ बिटची. त्यातील मॅक्रो विंडोजची काही अंतर्गत कार्ये थेट वापरत होते. ६४ बिटच्या ऑफिसात असे प्रत्येक कार्य ज्या ओळीत घोषित केले जाते, तिच्यात ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द लिहिलेला असावा लागतो. ही सोय आणि ही अट दोन्ही ऑफिस २०१० बरोबर आल्या, कारण ६४ बिटचे ऑफिस प्रथम त्याच वेळी निघाले. तरीही बरीच वर्षे बहुतेकांकडे ३२ बिटचेच ऑफिस बसवले जात असे, त्यामुळे जुनी मॅक्रो निर्धोक चालत राहिली. २०१९ पासून ऑफिस टाकताना काही वेगळे न निवडल्यास ६४ बिटची आवृत्ती बसू लागली. या कार्यालयाने जुन्या संगणकावरील फोल्डर जसेच्या तसे नव्या संगणकावर आणले, त्यांबरोबर स्टार्टअपमधील टेम्प्लेटही आले, आणि ६४ बिटच्या वर्डने त्याचा कोड नाकारला.

उपाय दोन होते. टेम्प्लेटचा कोड सुधारणे हा सरळ मार्ग, पण त्याला पासवर्ड होता आणि बनवणाऱ्याचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नव्हता. दुसरा मार्ग ३२ बिटचे ऑफिस बसवण्याचा. माझ्या मते टायपिंगच्या कामाला ६४ बिटची मुळीच निकड नाही. अजस्र आकाराच्या तक्त्यांवर काम करणाऱ्यांना तिचा फायदा होतो, दोन-पाच पानांच्या अर्जांना नाही. तथापि येथे याहून सोपी व्यवस्था उपलब्ध होती. तिसऱ्या, सर्वांत जुन्या संगणकावर ३२ बिटचेच ऑफिस होते आणि ते टेम्प्लेट तेथे बिनबोभाट चालत होते. रूपांतराचे सर्व काम त्या संगणकावर न्यायचे आणि मुख्य संगणकाचे स्टार्टअप फोल्डर मोकळे ठेवायचे, असे ठरले. इंटरनेटवर मजकूर चिकटवून रूपांतर करून देणारी पाने आहेत, हे मालकांना माहीत होते. पक्षकारांची नावे, पत्ते, मिळकतींची वर्णने असलेले कागद अनोळखी पानावर चिकटवू नयेत, असे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

उरलेल्या तक्रारी

मूळ कारण दूर झाल्यावरही ‘मराठी फॉन्ट राहत नाही’ ही तक्रार काही अंशी शिल्लक राहिली. तिचे कारण सर्वस्वी वेगळे निघाले. वर्ड प्रत्येक शैलीसाठी दोन प्रकारचे फॉन्ट वेगळे नोंदवते : रोमन मजकुरासाठी एक आणि देवनागरीसारख्या जटिल लिपींसाठी दुसरा. फॉन्टच्या चौकटीत, जी कंट्रोल आणि डी दाबून उघडते, ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन स्वतंत्र भाग असतात. दोन्हींचा आकारही स्वतंत्र आणि ठळकपणाही स्वतंत्र. ताई फॉन्ट निवडत होत्या तो वरच्या लॅटिनच्या भागात. तो नॉर्मलमध्ये व्यवस्थित साठत होता, पण मराठी अक्षरांना लागू होत नव्हता. खालच्या भागात फॉन्ट आणि आकार भरल्यावर आणि ‘सेट अ‍ॅज डीफॉल्ट’ दाबल्यावर वर्ड विचारते की हे फक्त याच दस्तऐवजासाठी की नॉर्मलवर आधारलेल्या सर्व दस्तऐवजांसाठी. आधीपासून निवडलेला पर्याय पहिला असतो, आणि घाईत तोच स्वीकारला जातो. दुसरा निवडल्यावर मराठी फॉन्ट टिकू लागला.

यानंतरची तक्रार कामाच्या पद्धतीतून आलेली होती. या कार्यालयात कोरी फाइल क्वचितच घेतली जाते. मागच्या महिन्यातील तशाच स्वरूपाचे प्रतिज्ञापत्र उघडायचे, नावे आणि तारखा बदलायच्या आणि वेगळ्या नावाने साठवायचे, ही सर्वत्र रूढ असलेली रीत आहे. अशा फाइलीत तिचे स्वतःचे समास आणि स्वतःच्या शैली असतात. नॉर्मलमध्ये केलेला बदल तिला सहसा लागत नाही. त्यामुळे वर्षापूर्वी चुकीच्या समासाने बनलेली एक फाइल पुढच्या शेकडो फाइलींची आई होऊन बसते. यावर प्रतिज्ञापत्र, दावा, कैफियत आणि भाडेकरार यांची चार स्वतंत्र टेम्प्लेटे डॉटएक्स स्वरूपात तयार करून दिली. ऑप्शन्समध्ये सेव्ह या भागात स्वतःच्या टेम्प्लेटचे फोल्डर नेमून दिले की फाइल, न्यू, पर्सनल या वाटेने ती समोर येतात आणि उघडताना नेहमी नवी प्रत उघडते, मूळ बिघडत नाही. प्रतिज्ञापत्राच्या टेम्प्लेटमध्ये सत्यापनाचा परिच्छेद आधीच घातलेला आहे, म्हणून त्यासाठी ऑटोटेक्स्टवर विसंबण्याची गरज कमी झाली.

विजेचा विषयही काढावा लागला. संध्याकाळी कार्यालय बंद करताना मेन स्विच पाडण्याची तेथे पद्धत होती, आणि कधी कधी संगणक चालू, वर्ड उघडे असतानाच तो पाडला जाई. नॉर्मल बंद होतानाच लिहिले जात असल्याने असे होऊ नये, हे दोघींना समजावून सांगितले. एखादे मोठे ऑटोटेक्स्ट किंवा मॅक्रो साठवल्यावर लगेच ते डिस्कवर जावे असे वाटत असेल, तर अल्ट आणि एफ ११ दाबून मॅक्रोचा संपादक उघडायचा, कंट्रोल आणि जी दाबून खालच्या पट्टीत ‘नॉर्मलटेम्प्लेट.सेव्ह’ हा आदेश इंग्रजीत लिहून एंटर दाबायचे. वर्ड बंद न करताही नॉर्मल लिहिले जाते. यूपीएसची बॅटरी उतरलेली असताना मालकांना ही युक्ती विशेष पसंत पडली.

सद्यःस्थिती

मुख्य संगणकावर सेटिंग आता टिकत आहेत आणि सकाळी वर्ड कोणत्याही वाटेने उघडले तरी तेच समास, तोच फॉन्ट दिसतो. तपासणीसाठी वापरलेली ‘नॉर्मल साठवण्यापूर्वी विचारा’ ही खूण आता ठेवलेली नाही, कारण ती ठेवली तर घाईत ‘नाही’ दाबले जाऊन तीच तक्रार पुन्हा उभी राहील. नॉर्मल आणि चारही टेम्प्लेटे यांची प्रत दर शनिवारी वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेण्याचे काम एका ताईंकडे आहे.

एक काम बाकी आहे. जुन्या फॉन्टमधील कागदपत्रे ज्या संगणकावर रूपांतरित होतात तो जुनाट झाला आहे आणि तो बंद पडला तर ते मॅक्रो टेम्प्लेट चालवायला जागा राहणार नाही. म्हणून वारंवार लागणारे जुने दावे, मिळकतींची वर्णने आणि खरेदीखतांचे मसुदे आधी निवडून त्यांचे रूपांतर करून घेणे सुरू आहे. रूपांतरात रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात. त्यामुळे प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहिल्याखेरीज ते नव्या फोल्डरात टाकायचे नाही, असा नियम मालकांनी स्वतःच घातला आहे.